डाव्या कानातलं इंजिन

कोलोनच्या बाहेर आउटोबानला, म्हणजे महामार्गाला, लागून एक मोठं पार्किंग आहे. रविवारी जर्मनीत ट्रकना रस्ता बंद असतो, म्हणून लांब पल्ल्याचे ट्रक तिथे दाटीवाटीने उभे असतात. दोन हिवाळे तिथे दर रविवारी दुपारी एक म्हातारा उदबत्तीचा पुडा घेऊन फिरायचा. एकेका केबिनचं दार वाजवायचा, परवानगी मागून वर चढायचा, उदबत्ती पेटवायचा आणि धुराकडे टक लावून बसायचा. मग ड्रायव्हरला दोन वाक्यं सांगून खाली उतरायचा आणि पुढच्या गाडीकडे वळायचा. रोमानियन, पोलिश, उझबेक, पंजाबी, सगळे त्याला पुजारी समजायचे. काहीजण हात जोडायचे. एकाने तर आपल्या केबिनमधला येशू दाखवून, यालाही ओवाळा, अशी खूण केली होती.

त्याच्या मागून पत्रकांची पिशवी घेऊन चालणारी मुलगी म्हणजे मी.

म्हातारा पुजारी नव्हता. देवळाची पायरी तो स्वतःहून कधी चढला नसेल. कोलोनच्या मराठी मंडळींत त्यांना लॉरीकाका म्हणत, आणि मी इथे शिकायला आले तेव्हा त्यांच्या घराच्या माळ्यावरच्या खोलीत भाड्याने राहिले. ट्रक म्हटलेलं त्यांना खपत नसे. 'ट्रक रेल्वेला असतो. रस्त्यावर चालते ती लॉरी.' हे ते जर्मन माणसालाही इंग्रजीत बजावायचे, ज्याला या दोन्ही शब्दांशी काही देणंघेणं नसायचं. मी मात्र इथे दोन्ही शब्द वापरते. मी त्यांची भाडेकरू होते, शिष्या नव्हते.

घरात त्यांचं नाव कुणी घेत नसे. बायको जर्मन, इनग्रिडकाकू. लग्नानंतर कोल्हापूरला गेल्या तेव्हा सासूबाई सासऱ्यांना 'अहो' अशी हाक मारतात हे त्यांनी ऐकलं, आणि नवऱ्याला हाक मारायची ती अशीच, असं मनाशी पक्कं केलं. तेव्हापासून त्या घरात 'आहो, कॉम माल!', म्हणजे 'अहो, जरा या!', घुमत असे. काका लगेच यायचे, पण हाक उजव्या बाजूने आली तरच.

कारण डावा कान गेलेला होता. जुन्या ब्रिटिश लॉऱ्यांचं स्टिअरिंग उजवीकडे आणि इंजिन केबिनच्या आतच, ड्रायव्हरच्या डाव्या मांडीला चिकटून, पत्र्याच्या एका झाकणाखाली. तारुण्यातली सगळी वर्षं ते इंजिन त्या कानाशी बोलत राहिलं आणि शेवटी तिथेच राहायला आलं. 'डावीकडे बसू नका, तिथे इंजिन आहे,' असं ते प्रत्येक पाहुण्याला सांगत. मला म्हणायचे, 'तू आधीच डावी. निदान बस तरी उजवीकडे.'

हे टोमणे मी ओढवून घेतले होते. पिंपरीला आमच्या घरात गोष्टीची पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त. वडील युनियनचे. मला अक्षरओळख झाली ती 'कामगार बंधूंनो' या शब्दांवरून, आणि माझ्या शाळेच्या वह्यांना कव्हरं असायची ती जुन्या संपाच्या पत्रकांची. कोलोनला आल्या-आल्या मी ट्रकचालकांसाठी काम करणाऱ्या एका सल्लाकेंद्रात जायला लागले. रविवारी पार्किंगवर जाऊन आम्ही निरनिराळ्या भाषांतली पत्रकं वाटायचो: आठवड्याची मोठी विश्रांती केबिनमध्ये काढायला लावणं बेकायदेशीर आहे, मालकाने राहायची सोय केली पाहिजे, वगैरे. सगळं खरं होतं. खरं असूनही ते वाचून कुणाची सोय झाल्याचं मी फारसं पाहिलं नाही.

'काय पुढारीणबाई,' काका जिन्यात विचारायचे, 'आज किती मालक बुडवले?'

'तुम्ही या एकदा. तुमच्या काळात कुणी पत्रक दिलं असतं तर बरं वाटलं नसतं?'

'दिलेलं ना. कागद चांगला होता. पायाला गुंडाळला.'

काका विशीत इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डला गेले ते लोकरीच्या गिरणीत, आणि तिथून एका मालवाहतुकीच्या कंपनीत. डाळिंबी रंगाच्या लॉऱ्या, दारांवर सोनेरी अक्षरं, केबिनच्या कपाळावर मालकाचं नाव. इतर कंपन्यांचे ताफे ते रंगांनी ओळखायचे. हळदीचा ताफा, शेवाळी ताफा, आणि एक काळा-पांढरा, त्याला ते मयताचा ताफा म्हणायचे. हे सगळे ताफे पुढे विकले गेले, एकमेकांत मिसळले, भंगारात गेले. काकांच्या डोक्यात मात्र त्या लॉऱ्या अजून उत्तर इंग्लंडच्या डोंगरातला चढ चढत होत्या. जेवताना विषय निघाला की ताटाचं स्टिअरिंग व्हायचं, डाव हा गिअरचा दांडा. जुन्या गिअरबॉक्सला क्लच दोनदा दाबावा लागे, मध्ये इंजिनाचा सूर नेमका जुळावा लागे, नाहीतर दातांवर दात आपटून लॉरी किंचाळे. ते किंचाळणंही काका करून दाखवत. वरण गार होई. काकू ते पुन्हा गॅसवर ठेवत.

माल ताडपत्रीखाली दोराने आवळायची त्या ड्रायव्हरांची एक गाठ असते. ओढाल तेवढी घट्ट होते आणि एका झटक्यात सुटते. काकांना दुसरी गाठ माहीत नव्हती. माझी चेन तुटलेली बॅग, ख्रिसमसचं झाड, बाल्कनीतला आकाशकंदील, सगळं त्याच गाठीने. मंडळाच्या गणपतीची मूर्ती गाडीतून आणायची तर काकांनाच बोलावत, आणि ते मूर्तीला असं काही आवळत की प्राणप्रतिष्ठेचा मुहूर्त टळतो की काय अशी गुरुजींना धास्ती वाटे.

मला राग यायचा तो एका गोष्टीचा. त्यांच्या आठवणींत लॉऱ्या होत्या, माणसं नव्हती.

'काका, यात माणसं कुठे आहेत?'

'आत बसलेली असतात. बाहेरून दिसत नाहीत.'

खोदून विचारलं तर माणसं निघायची, आणि ती बघवत नसत. हीटर असलेली लॉरी गोऱ्या ड्रायव्हरला आणि ताफ्यातली सर्वांत जुनी नेहमी काकांना. रस्त्यावरच्या खाणावळीत ते आत शिरले की टेबलं आपोआप भरलेली असायची. एकदा कुणीतरी त्यांच्या सीटवर मेलेला उंदीर ठेवला होता, चिठ्ठीसकट. चिठ्ठीत लिहिलं होतं, तुझा डबा.

'हा वर्णद्वेष आहे काका, सरळसरळ.'

'गेनाऊ, अगदी बरोबर,' काका म्हणायचे. 'पण ती लॉरी काय होती, सांगू?'

मी ताट उचलून आत जायचे. अन्याय सोसलेला माणूस अन्यायाच्या अवजाराच्या प्रेमात कसा पडतो हे मला तेव्हा समजत नव्हतं. आजही ते मला मान्य नाही. फक्त आता मी ताट उचलत नाही.

त्यांची सगळ्यात लाडकी गोष्ट थंडीची. ती मी इतक्यांदा ऐकली आहे की त्यांच्या आवाजासकट सांगू शकते. मुक्कामाला बाहेर खोली घेऊन झोपायचं असा नियम होता, पण सावळ्या माणसाला खोली मिळायची मारामार. मग काका केबिनमध्येच झोपत. दोन सीटवर, इंजिनाच्या झाकणावरून, एक फळी आडवी टाकायची. इंजिन गरम आहे तोवर फळी गरम. ते निवलं की खालून बर्फ.

'मग काय करायचं?' इथे काका थांबायचे. ऐकणाऱ्याने 'काय करायचं?' असं विचारावं लागे. 'वर्तमानपत्रं! पेडलच्या भोकांत कोंबायची, दाराच्या फटीत कोंबायची, जिथून वारा शीळ घालतो तिथे कोंबायची. मग पायाशी रॉकेलचा स्टो पेटवायचा. त्यावर चहा. चहा झाला तरी स्टो चालू ठेवायचा, बारीक. आणि ताणून द्यायची. सकाळी उठलो की मालक लंडनमध्ये थंडीने कुडकुडतोय आणि मी ब्रॅडफर्डचा राजा!'

सगळे हसायचे. मीसुद्धा हसायचे.

लग्नानंतर ते कोलोनला आले आणि निवृत्त होईपर्यंत इथल्या गाड्या चालवल्या. तसली जुनी लॉरी त्यांना इथे कुठली मिळणार? पण मिळाली होती. शहराबाहेर मालवाहतुकीची एक कंपनी आहे. आताच्या मालकाच्या वडिलांना जुन्या गाड्यांचा शौक होता, आणि त्यांनी इंग्लंडमधल्या लिलावातून एक आठ चाकी लॉरी आणून ठेवली होती. कंपनीच्या रंगात रंगवून ती आवाराच्या दर्शनी भागात उभी केलेली. दारावर 'परंपरा' या अर्थाचा जर्मन शब्द. ती चालवणं कुणाला जमत नव्हतं. गिअर टाकला की किंचाळायची. काकांना हे कळलं आणि ते बसने तिथे गेले. तेव्हापासून रविवारी सकाळी ती पुसायची, सुरू करायची आणि उन्हाळ्याच्या जत्रेत मुलांना बसवून फिरवायची हे काम त्यांचं. मालक, ज्याला सगळे शेफ म्हणत, त्यांना खांद्यावर हात टाकून पाहुण्यांना दाखवायचा. 'आमचा इंग्लिश ड्रायव्हर.' काका फुलायचे. माझा संताप व्हायचा. त्याच आवारात उभ्या असलेल्या नव्या ट्रकमध्ये माणसं आठवडेच्या आठवडे राहत होती, आणि दर्शनी भागात परंपरा चकाकत होती.

त्या नव्या ट्रकपैकी एकावर संतोष होता.

संतोष फलटणचा. आधी दुबईत ट्रक चालवला, मग एका एजंटमार्फत युरोपात आला. नोकरी कागदोपत्री पूर्वेकडच्या कुठल्याशा देशातल्या कंपनीची, माल मात्र या शेफचा. काकांनी त्याला आवारात मराठीत फोनवर भांडताना ऐकलं आणि थेट विचारलं, 'कोण रे तू?' पुढच्या रविवारी तो जेवायला घरी. काकूंनी बटाट्याची भाजी केली, तर त्याने तिच्यात मिरची नाही म्हणून खिशातून चटणीची पुडी काढली. काकूंनी ती पुडी ठेवून घेतली. हसरा माणूस. धाकट्या मुलीचा व्हिडिओ सगळ्यांना दाखवायचा, एकच, तिने बैलाला पोळी भरवल्याचा.

त्याच्या ट्रकचा हीटर बंद होता. म्हणजे इंजिन बंद असताना उभ्या गाडीत चालतो तो, ज्याला इथे श्टांडहाइत्सुंग म्हणतात. त्याने तो दुरुस्त करायला सांगितलं होतं. काका त्या वेळी तिथेच लॉरी पुसत होते, त्यांनी उजव्या कानाने ऐकलं. शेफ म्हणाला, 'आता मार्च येईलच.' तेव्हा जानेवारी नुकता लागला होता.

मी संतोषला पत्रक दिलं. मराठीत नव्हतं, हिंदीत होतं. त्याने वाचलं. 'ताई, हे सगळं बरोबर आहे. पण मी हे घेऊन शेफकडे गेलो तर हीटर नाही दुरुस्त होणार. ड्रायव्हर बदलला जाईल.' मग मी नाराज होऊ नये म्हणून म्हणाला, 'अजून द्या थोडी. पोरांना वाटतो.' मी गठ्ठा दिला.

त्याच दुपारी, त्याच केबिनमध्ये, काकांनी त्याला थंडीची गोष्ट सांगितली. मी खाली उभी होते. संतोषने नेमक्या जागी विचारलं, 'मग काय करायचं, काका?' आणि काकांनी सांगितलं.

पुढच्या रविवारी संतोषने दार उघडलं नाही. शेजारच्या ट्रकवरच्या पोलिश ड्रायव्हरने दुपारपर्यंत वाट पाहिली आणि फोन केला. पोलिसांना हिंदी-मराठी कळणारं कुणीतरी हवं होतं, घरी कळवायला, म्हणून मला बोलावलं. मी केबिन पाहिली. पायाशी कॅम्पिंगची गॅसची शेगडी, वर भांडं. हवा यायच्या झडपा, छतावरच्या खिडकीची कड, दाराची फट, सगळीकडे कागद नीट घड्या घालून कोंबलेला. मला तो लांबूनही ओळखता आला. तुमचे हक्क जाणून घ्या, असं त्यावर लाल अक्षरात होतं.

कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, असं पोलिसांनी मला समजावलं. हळू, सोप्या जर्मनमध्ये, लहान मुलाला सांगावं तसं.

काकांना मी स्वयंपाकघरात सांगितलं. चुकून त्यांच्या डावीकडे उभी होते. ते काहीच बोलले नाहीत म्हणून मला वाटलं, ऐकलं नाही. मी वळसा घालून उजवीकडे आले आणि पुन्हा सांगितलं. ते म्हणाले, 'पहिल्यांदाच ऐकलं होतं.'

दोन दिवस ते खोलीतून बाहेर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी कोट चढवून म्हणाले, 'चल. आणि देवापाशी उदबत्ती असेल काकूची, ती घे.' देव काकूंचे होते, कोल्हापूरहून आणलेले.

आम्ही आवारात गेलो. जुन्या लॉरीत ते उजवीकडे बसले, मला इंजिनाच्या पलीकडे बसवलं. बरोबर आणलेली वर्तमानपत्रं त्यांनी पेडलच्या भोकांत कोंबली, दारांत कोंबली, पुढच्या काचेच्या रबराखाली कोंबली. हात इतके सराईत चालत होते की मला बघवेना. मग उदबत्ती पेटवली. धूर सरळ वर गेला नाही. तो लगेच आडवा झाला, दाराकडे धावला आणि पत्र्याच्या कुठल्याशा जोडातून बाहेर पडला. काकांनी तिथेही कागद लावला. धुराने दुसरी वाट काढली. मागच्या लाकडी चौकटीतून, छताच्या कडेतून. बाहेर वारा होता आणि ती लॉरी तो आत ओढत होती.

नंतर आम्ही शेजारच्या ट्रकच्या ड्रायव्हरला विचारून त्याच्या केबिनमध्ये चढलो. काकांनी दार लावलं. कागद कोंबायची गरजच पडली नाही. धूर सुतासारखा सरळ वर गेला, छताला टेकला आणि तिथेच जमत राहिला.

काका बराच वेळ बघत होते. 'ती चाळणी होती,' ते म्हणाले. 'मी चाळणीत झोपत होतो. कागदाने मला ऊब दिलीच नाही कधी. आणि वाऱ्याला मी शिव्या घालायचो, त्यानेच सांभाळलं मला.' मग अगदी खालच्या आवाजात, 'ही डबी आहे. या डबीत मी त्याला...' आणि त्यांनी दार उघडलं.

कामावरच्या अपघातांची चौकशी करणाऱ्या ऑफिसातून काकांना बोलावणं आलं. त्याआधी शेफ घरी आला. सफरचंदाचा केक घेऊन. खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं त्याला, हेही लिहिलं पाहिजे. म्हणाला, 'तुम्ही त्याला स्टोची गोष्ट सांगितली होतीत, एवढंच सांगा. जे खरं आहे तेच.' जाताना दारात थांबून म्हणाला, 'उन्हाळ्यात मुलं तुमची वाट बघतील. तुमच्याशिवाय ती लॉरी चालवणार कोण?'

दुसऱ्या दिवशी आमच्या सल्लाकेंद्राचा वकील आला. तो म्हणाला, 'हीटरची तक्रार तुम्ही ऐकलीत, एवढंच सांगा. स्टोबद्दल कुणी विचारणार नाही. विचारलं नाही ते सांगायला तुम्ही बांधील नाही. तुम्ही ते सांगितलंत तर ते सगळं तुमच्या गोष्टीवर ढकलतील.'

मी वकिलाच्या बाजूने होते. अजूनही आहे. त्या संध्याकाळी मी काकांशी भांडले.

'तो गोष्टीने नाही मेला काका, थंडीने मेला. हीटर चालू असता तर तुमची गोष्ट गोष्टच राहिली असती.'

'हो, बरोबर आहे.'

'मग? अर्धं सांगितलं की मालक अडकतो. पूर्ण सांगितलं की सुटतो. यात विचार कसला करायचा?'

'थंडी मालकाची,' काका म्हणाले. 'गोष्ट माझी. कागद तुझा. तिघांनी आपापलं सांगायला हवं. मालक सांगणार नाही. म्हणून मीही सांगायचं नाही?'

'त्याने तुम्हाला समाधान मिळेल. संतोषच्या बायकोला काय मिळेल?'

हे लागावं म्हणूनच मी बोलले होते, आणि ते लागलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

'समाधान नको मला. ऐक. ही गोष्ट मी किती जणांना सांगितली असेल? इथल्या आवारात, पार्किंगवर, पोलंडच्या हद्दीवर, तीस-चाळीस वर्षं. ड्रायव्हरला चांगली गोष्ट मिळाली की तो पुढच्याला सांगतो. ती आत्ता कुठेतरी चालू आहे. कुणीतरी हसतंय. कुणीतरी विचारतंय, मग काय करायचं? ती मला परत घ्यायची आहे. लपवून परत कशी घेऊ?'

इनग्रिडकाकू इतका वेळ भांडी पुसत होत्या. त्यांना मराठीतलं निम्मंच कळलं असेल. जर्मनमध्ये म्हणाल्या, 'त्याला जाऊ दे. तो दोन्ही सांगेल. तू ओरडलीस तरी दोन्हीच सांगेल.'

चौकशीच्या खोलीत टेबलाच्या एका बाजूला मालकाचा वकील होता, दुसऱ्या बाजूला आमचा, आणि दुभाषी म्हणून मी. काकांनी खुर्ची उचलली, फिरवली आणि अशी ठेवली की आम्ही तिघेही त्यांच्या डाव्या बाजूला आलो. उजव्या बाजूला फक्त अधिकारी बाई. मग त्यांनी सगळं सांगितलं. शेफचं मार्चबद्दलचं वाक्य, शब्द न शब्द. आणि फळी, वर्तमानपत्रं, स्टो, राजा. ते सांगताना त्यांनी नेहमीच्या जागी थांबायचं टाळलं. एका दमात, सपाट आवाजात. ती गोष्ट मी पहिल्यांदाच हसण्याशिवाय ऐकली, आणि तेव्हा कळलं की तिच्यात हसण्यासारखं काही नव्हतंच. खोली न मिळालेला एक मुलगा गारठून मरायच्या भीतीने फटी बुजवत होता, एवढंच होतं तिच्यात.

व्हायचं तेच झालं. हीटरची तक्रार तोंडी होती, शेफला ती आठवत नव्हती. मृत व्यक्तीला शेगडीबाबत चुकीची माहिती त्रयस्थाकडून मिळाली होती, असं नोंदवलं गेलं. त्रयस्थ म्हणजे काका. कंपनीने पुढच्या महिन्यात गाजावाजा न करता सगळ्या ट्रकचे हीटर दुरुस्त करून घेतले. आणि आवाराच्या फाटकावर काकांना सांगितलं गेलं की विम्याच्या कारणाने बाहेरच्यांना प्रवेश नाही. काकांनी फाटकातून लॉरीकडे पाहिलं. म्हणाले, 'डावं पुढचं चाक बसलंय तिचं. हवा भरा म्हणावं.' ती आता चालत नाही. उभी आहे, परंपरा म्हणून.

मी महिनाभर त्यांच्याशी बोलले नाही. जिन्यात समोर आले तर त्यांच्या डाव्या बाजूने जायचे.

महिना संपताना त्यांनी फलटणला स्वतः फोन केला. मी दाराआडून ऐकलं. त्यांनी संतोषच्या बायकोला सगळं सांगितलं, अहोजाहो करत, स्टोपर्यंत. मग तिने काहीतरी विचारलं, आणि काका म्हणाले, 'हो, भांड्यात चहा होता. प्यायलेला होता.' फोन ठेवल्यावर त्यांनी मला हाक मारली. 'ती विचारत होती, शेवटचा चहा तरी मिळाला का त्यांना.' आम्ही पुन्हा बोलायला लागलो ते असं.

त्याच्या पुढच्या रविवारी ते उदबत्तीचा पुडा घेऊन माझ्याबरोबर पार्किंगवर आले. येशूवाल्याला त्यांनी ओवाळलं नाही, पण त्याच्या शेगडीवर बोट ठेवून मान हलवली. प्रत्येक केबिनमध्ये तीच दोन वाक्यं, मोडक्यातोडक्या कुठल्याही भाषेत. धूर हलतो का बघ. हलत नसेल तर शेगडी बंद, खिडकी दोन बोटं उघडी. लोक त्यांना पुजारी समजले तर ते समजू देत. 'पुजाऱ्याचं ऐकतात,' ते म्हणायचे. एकदा एका जॉर्जियन ड्रायव्हरने हसत हसत आम्हालाच ती गोष्ट सांगितली: कुणी एक इंग्लिश ड्रायव्हर होता, तो म्हणे कागद कोंबायचा आणि स्टो पेटवायचा. काकांनी ती पूर्ण ऐकून घेतली. मग उदबत्ती काढली.

आमचा शेवटपर्यंतचा वाद पत्रकावरून होता. 'खिडकी उघडी ठेवा, एवढी ओळ घाल त्यात,' ते म्हणायचे. मी नाही म्हणायचे. बंद हीटर, शून्याखाली थंडी, आणि आम्ही ड्रायव्हरला सांगायचं की खिडकी उघड? म्हणजे मालकाला मोकळं सोडायचं आणि कुडकुडायचं काम कामगाराला द्यायचं. पत्रक मागणी करतं, तडजोड शिकवत नाही. हे मी माझ्या वडिलांकडून शिकले आहे आणि त्याबद्दल मला लाज नाही.

'बरोबर,' काका म्हणायचे. 'मागणी वर घाल. मोठ्या अक्षरात. पण ती मान्य होईपर्यंत माणूस जिवंत राहायला नको का?'

दुसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी ते छातीच्या दुखण्याने हॉस्पिटलमध्ये गेले. खोलीत त्यांनी एकदा उदबत्ती पेटवली तर आग लागल्याचा भोंगा वाजला आणि नर्स धावत आल्या. ते शेजारच्या पेशंटला समजावत होते की हे हॉस्पिटल चांगलं आहे, इथे धूर हलतो. त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत. दहनाला आम्ही थोडेच जण होतो. काकूंनी शवपेटीवरच्या फुलांना काकांचा जुना दोर बांधला होता. गाठ त्यांना येत नव्हती, साधीच बांधलेली. शेवटी त्या म्हणाल्या, 'आहो,' आणि पुढचं काही म्हणायचंच राहिलं.

परवाच्या रविवारी मी पार्किंगवर गेले. नवी पत्रकं छापून आली होती. मागण्या वर आहेत, मोठ्या अक्षरात, त्यातली एकही कमी केलेली नाही. खाली, लाल चौकटीत, खिडकीची ओळ आहे, सगळ्या भाषांत. या वेळी मराठीतही. ती कोण वाचणार आहे, मला माहीत नाही.

पहिल्या केबिनमध्ये एक तरुण उझबेक होता. त्याच्या पायाशी शेगडी होती. मी वर चढले, काकूंच्या पुड्यातली उदबत्ती पेटवली आणि दार लावून घेतलं. त्याने टोपी काढली. आम्ही दोघं बघत बसलो. धूर सुतासारखा सरळ उभा राहिला.

मी हात लांब करून त्याची काच दोन बोटं खाली घेतली. थंडी आत आली. तो शहारला आणि त्याने माझ्याकडे रागाने पाहिलं. धूर हलला.